आंब्याची फळगळ आणि फवारणी : मराठवाड्यातील केसर बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की जालना, बीड, परभणी, लातूर या भागांतील केसरच्या बागांमधून एकच तक्रार ऐकू येते : मोहोर भरपूर आला, फळही धरले, पण आता झाडाखाली नुसता सडा पडतो आहे. या काळात बागायतदार जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. ती प्रामुख्याने मराठवाड्यातील हवामान, जमीन आणि विहिरीचे पाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

रोज एवढ्या बाळकैऱ्या गळतात. हे नैसर्गिक आहे की झाडाला काही झाले आहे?

बहुतांश गळ नैसर्गिक असते. आंब्याच्या एका तुऱ्यावर हजाराहून अधिक फुले असतात आणि त्यांतील बरीचशी केवळ नर फुले असल्यामुळे त्यांना फळ धरण्याचा प्रश्नच नसतो. उरलेल्या संयुक्त (नर व मादी दोन्ही भाग असलेल्या) फुलांपैकी काहींचे परागीभवन होते, काही कैऱ्या धरतात आणि शेवटी तुऱ्यावर एखाद-दुसरे फळ उतरणीपर्यंत टिकते. एकूण फुलांच्या हिशेबाने हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली जाते. त्यामुळे “नव्वद टक्के गळ थांबवा” अशी जाहिरात दिसली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे. प्रत्येक तुऱ्यावर दहा-दहा फळे टिकली, तर ती पोसण्याची ताकद झाडात नसते आणि फांद्याही मोडतात.

गळ साधारणपणे तीन टप्प्यांत होते. पहिली गळ फळ मोहरीएवढे असताना होते आणि ती सर्वांत मोठी असते. दुसरी गळ वाटाण्यापासून गोटीच्या आकारापर्यंत चालते. तिसरी गळ एप्रिल-मे महिन्यांत, कैरी चांगली भरत आलेली असताना होते आणि बागायतदाराला तीच सर्वांत जास्त बोचते. संजीवकांच्या, म्हणजे झाडाच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या द्रव्यांच्या, फवारणीचा खरा उपयोग दुसऱ्या टप्प्यात होतो.

कैरी गळते म्हणजे झाडाच्या आत नेमके काय घडते?

कैरीचा देठ जिथे काडीला जोडलेला असतो, त्या सांध्यात पेशींचा एक पातळ थर असतो. वाढत्या कैरीतील कोवळी कोय ऑक्सिन हे संजीवक तयार करते आणि ते देठातून खाली वाहत राहिले की सांधा घट्ट राहतो. हा प्रवाह कमी झाला आणि त्याच वेळी झाडात इथिलीन व ॲब्सिसिक आम्ल वाढले की त्या थरातील पेशी एकमेकींपासून सुट्या होतात व कैरी निखळते. कोय मेलेली किंवा अर्धवट वाढलेली असली, झाडाला पाण्याचा ताण बसला, अन्नासाठी कैऱ्या-कैऱ्यांत ओढाताण झाली किंवा उष्ण वारे सुटले, तर हाच प्रकार घडतो. नॅप्थील ॲसेटिक ॲसिड, म्हणजे बाजारात मिळणारे एनएए, हे कृत्रिम ऑक्सिन आहे. बाहेरून दिलेले ऑक्सिन काही दिवस सांधा धरून ठेवते आणि कैरीला सावरायला वेळ मिळतो. त्यात अन्न नसते आणि पाणीही नसते, हे मात्र विसरू नये.

मग फवारणी करावी की नाही, हे कसे ठरवावे?

दुकानात जाण्याआधी झाडाखाली जावे. सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, चार-पाच झाडांखालच्या ताज्या गळलेल्या पन्नासेक कैऱ्या गोळा कराव्यात आणि सावलीत पांढऱ्या कापडावर पसरून एकेक पाहावी. या कामाला अर्धा तास लागतो आणि अनेकदा त्यातून फवारणीचा निम्मा खर्च वाचतो.

आधी देठ पाहावा. देठाचे टोक स्वच्छ, गोल आणि कापल्यासारखे असेल, तर कैरी सांध्यातून निखळली आहे. टोक फाटलेले, साल ओढलेले असेल, तर ती वाऱ्याने, माकडाने किंवा पोपटाने पाडली आहे आणि तिथे संजीवकाचा काही संबंध नाही. त्यानंतर कैरीचा रंग पाहावा. अंगावर पांढरी पिठूळ बुरशी असेल तर ती भुरी होय. काळे खोलगट डाग असतील तर करपा असण्याची शक्यता अधिक. कैरी हाताला चिकट लागत असेल आणि मोहोराच्या काड्यांवर काजळीसारखा थर दिसत असेल, तर तुडतुड्यांनी रस शोषला आहे. साल खरखरीत, करड्या पट्ट्यांची असेल तर फुलकिड्यांकडे संशय जातो.

वरकरणी निरोगी दिसणाऱ्या कैऱ्या शेवटी ब्लेडने उभ्या कापाव्यात. आत कोयीच्या जागी पांढरी, भरीव, पाणीदार बी दिसली, तर कैरी जगण्यालायक होती आणि ती पाण्याच्या किंवा अन्नाच्या ताणाने गळली असावी. बी तपकिरी, सुरकुतलेली किंवा नावापुरतीच असेल, तर परागीभवन नीट झालेले नाही किंवा गर्भ मेलेला आहे. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली गेला की थंडीत उमललेल्या फुलांचे परागकण नीट काम करत नाहीत आणि अशा बिनबियांच्या कैऱ्या मोठ्या संख्येने दिसतात. त्या काही दिवस झाडावर थांबतील, पण मोठ्या होणार नाहीत. त्यांच्यासाठी फवारणी करणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

स्वच्छ देठाच्या, निरोगी सालीच्या आणि भरीव बीच्या कैऱ्या निम्म्याहून अधिक निघाल्या, तर एनएएची फवारणी करण्यात अर्थ आहे, असा माझा अनुभव सांगतो. ही मोजपट्टी माझी स्वतःची आहे, विद्यापीठाची शिफारस नव्हे.

फवारणी कशाची आणि कोणत्या अवस्थेत करावी?

सर्वाधिक प्रचलित असलेली शिफारस २० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत २० भाग) एनएए आणि २ टक्के युरिया यांच्या एकत्रित फवारणीची आहे. पहिली फवारणी फळे वाटाण्याएवढी झाल्यावर आणि दुसरी ती गोटीएवढी झाल्यावर, म्हणजे साधारण पंधरा दिवसांच्या अंतराने करावी. मराठवाड्यातील केसरमध्ये हा काळ बहुधा फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत येतो. परंतु एकाच बागेत, एवढेच नव्हे तर एकाच झाडाच्या पूर्व आणि पश्चिम बाजूला मोहोर मागे-पुढे येत असल्यामुळे, तारखेऐवजी बहुसंख्य फळांचा आकार पाहून दिवस ठरवावा. कैरी लिंबाएवढी झाल्यानंतर एनएए फवारून विशेष लाभ होत नाही.

१५ लिटरच्या पंपाला एनएए किती घ्यावे?

बाजारातील द्रवरूप एनएए बहुधा ४.५ टक्के तीव्रतेचे असते. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे ४५ मिलिग्रॅम एनएए असते. २० पीपीएम म्हणजे एका लिटर पाण्यात २० मिलिग्रॅम. त्या हिशेबाने १० लिटर पाण्याला साडेचार मिलिलिटरच्या आत-बाहेर, १५ लिटरच्या पंपाला पावणेसात मिलिलिटर आणि २०० लिटरच्या टाकीला सुमारे ९० मिलिलिटर लागते. बाटलीवर तीव्रता वेगळी लिहिलेली असेल, तर हा हिशेब नव्याने करावा. युरिया २ टक्के म्हणजे लिटरला २० ग्रॅम, पंपाला ३०० ग्रॅम आणि २०० लिटरला ४ किलो.

मोजण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी सुईविना सिरिंज वापरावी. बाटलीचे टोपण वापरू नये. आमच्याकडे एका वर्षी विक्रेत्याने “पंपाला दोन टोपणं” असे सांगितले आणि आम्ही ते मान्य केले. नंतर टोपण मोजून पाहिले, तर ते १० मिलिलिटरचे निघाले. म्हणजे २० पीपीएमऐवजी ६० पीपीएमची फवारणी झाली होती. ज्या दोन ओळींवर ती झाली, त्यांची कोवळी पाने चौथ्या दिवशी वळली आणि शेजारच्या न फवारलेल्या ओळीपेक्षा तिथे कैऱ्या जास्त गळल्या.

जास्त प्रमाणामुळे गळ उलट वाढते, हे कसे शक्य आहे?

ऑक्सिनची मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की झाड स्वतःच अधिक इथिलीन तयार करू लागते आणि इथिलीन देठाचा सांधा सैल करते. सफरचंदाच्या बागांमध्ये हेच एनएए फळांची विरळणी करण्यासाठी, म्हणजे मुद्दाम फळे पाडण्यासाठी वापरले जाते. कीडनाशकाच्या बाबतीत “थोडे जास्त घेतले तर पक्के काम होईल” असा समज आहे आणि तोही चुकीचाच, पण संजीवकाच्या बाबतीत त्याची किंमत त्याच हंगामात मोजावी लागते.

द्रावण तयार करताना कोणती काळजी घ्यावी?

युरिया आधी वेगळ्या बादलीत विरघळवावा. तो विरघळताना पाण्यातील उष्णता शोषतो, त्यामुळे बादली हाताला गार लागते आणि उरलेले खडे लवकर विरघळत नाहीत. पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा ढवळावे. आपल्याकडे मिळणारा युरिया निमलेपित असल्यामुळे वर तेलकट तवंग येतो. तो नोझलमध्ये अडकू नये म्हणून द्रावण जुन्या सुती कापडातून गाळून टाकीत ओतावे. एनएए सर्वांत शेवटी घालावे. मराठवाड्यातील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि विम्लधर्मी (अल्कधर्मी) असते. शक्य असल्यास फवारणीसाठी शेततळ्याचे किंवा साठवलेल्या पावसाचे पाणी ठेवावे आणि ते नसेल तर पाण्याचा सामू (पीएच) तपासून तो ६ ते ७ च्या दरम्यान आणावा.

फवारणी सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर, वारा पडलेला असताना करावी. उन्हात फवारलेला युरिया पानांच्या कडा करपवतो. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला आठ ते दहा लिटर द्रावण लागते, घन लागवडीतील छाटलेल्या झाडांना त्याहून बरेच कमी. पानांपेक्षा मोहोराच्या काड्या आणि कैऱ्या ओल्या होणे महत्त्वाचे आहे.

पोटॅशियम नायट्रेट फवारले तर चालते का?

चालते, आणि पाण्याचा ताण असलेल्या बागेत मला ते अधिक भरवशाचे वाटते. कोकणातील हापूससाठी १ टक्का पोटॅशियम नायट्रेटच्या तीन फवारण्यांची शिफारस आहे : फळे वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी असताना. विद्राव्य खतांच्या दुकानात ते १३:००:४५ या नावाने मिळते. प्रमाण लिटरला १० ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला २ किलो. यातून नत्र आणि पालाश दोन्ही मिळतात, गळ काही अंशी कमी होते आणि फळाचा आकारही सुधारतो. युरिया व पोटॅशियम नायट्रेट एकाच टाकीत भरून क्षारांचे प्रमाण वाढवू नये. एक फवारणी एनएए-युरियाची आणि पुढची पोटॅशियम नायट्रेटची, असा क्रम ठेवणे सोयीचे पडते.

२,४-डी स्वस्त पडते. काही जण तेही वापरतात. वापरावे का?

वापरू नये. २,४-डी अत्यल्प प्रमाणात ऑक्सिनसारखे काम करते आणि फळगळीवर त्याचे प्रयोगही झालेले आहेत, हे खरे आहे. पण दुकानात मिळते ते तणनाशक असते आणि त्याची तीव्रता इतकी असते की मोजण्यात थोडी चूक झाली तरी पालवी वेडीवाकडी होते. कापूस, द्राक्ष, टोमॅटो, वांगी ही पिके त्याच्या उडालेल्या तुषारांनाही बळी पडतात. आपल्या आंब्याच्या चार कैऱ्यांपायी शेजाऱ्याचा द्राक्षबाग वाकडा झाला, तर बांधावरचे भांडण पिढ्यान्‌पिढ्या पुरेल. तणनाशकासाठी वापरलेला पंपही आंब्याच्या फवारणीला घेऊ नये. तो कितीही धुतला तरी नळीत अंश राहतो.

फवारणी केली, तरी गळ चालूच आहे. आता काय करावे?

पाणी तपासावे. मराठवाड्यातील फळगळीच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणीच असते. मोहोर यावा म्हणून पावसाळ्यानंतर झाडाला ताण दिला जातो, ते योग्यच आहे. परंतु फळ वाटाण्याएवढे झाल्यावर तो ताण मोडायला हवा, आणि नेमक्या त्याच सुमारास विहिरी तळ गाठू लागतात. त्यात मार्चपासून कोरडे वारे सुटतात आणि पारा चाळिशीकडे सरकतो.

बागेला एकदम पाट भरून देऊ नये. बऱ्याच दिवसांच्या कोरडेपणानंतर अचानक भरपूर पाणी मिळाले, तर गळ उलट वाढलेली दिसते. पहिले पाणी हलके, दुसरे त्याहून थोडे अधिक आणि त्यानंतर जमिनीच्या प्रकाराप्रमाणे नियमित अंतराने द्यावे. ठिबक असेल तर उत्तम, पण लॅटरल (ठिबकची नळी) खोडापाशी न ठेवता झाडाच्या विस्ताराच्या कडेला, जिथे तंतुमुळे असतात, तिथे असावी. आळ्यात सोयाबीनचे भूस, उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत चार-सहा बोटे जाडीचे पसरावे. सोयाबीनचे भूस आपल्याकडे भरपूर असते आणि अनेक ठिकाणी ते बांधावरच पेटवून दिले जाते, याचे वाईट वाटते. पाणी इतके कमी असेल की सर्व झाडांना पुरणार नाही, तर चांगली फळधारणा असलेली झाडे निवडून त्यांनाच ते द्यावे. तहानलेल्या झाडावर संजीवक फवारून गळ थांबल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

एनएएसोबत कीडनाशक आणि बुरशीनाशक एकाच टाकीत घालता येईल का?

शक्यतो घालू नये. ताम्रयुक्त बुरशीनाशके आणि बोर्डो मिश्रण यांच्यासोबत तर मुळीच मिसळू नये. मजुरी वाचवण्यासाठी पाच-पाच बाटल्या एकत्र ओतण्याची पद्धत सर्वत्र रुजली आहे, पण द्रावण फाटले किंवा पाने करपली, तर दोष कोणाचा हे शोधता येत नाही. कीड किंवा रोग असेल तर त्यासाठी वेगळी फवारणी करावी आणि कीडनाशक आंब्यासाठी मान्यता असलेलेच, लेबलवरील प्रमाणात घ्यावे. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक थंडीत चांगले काम करते. मात्र तापमान ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर ते वापरल्यास कोवळ्या कैऱ्यांची साल भाजते.

मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी केली तर?

परागीभवन बिघडते. आंब्याच्या फुलांवर मधमाश्यांपेक्षाही माश्यांची वर्दळ अधिक असते आणि कीडनाशकाने त्या मेल्या की बिनबियांच्या कैऱ्यांचे प्रमाण वाढते. तुडतुड्यांचा बंदोबस्त मोहोर फुटण्याच्या सुमारास, फुले उमलण्यापूर्वीच करावा.

ऑक्टोबरमध्ये एनएए २०० पीपीएम फवारतात, असे वाचले. आणि कल्टारचे काय?

दोन्हींचा फळगळीशी थेट संबंध नाही. २०० पीपीएमची फवारणी मोहोरातील गुच्छविकृतीसाठी (मोहोर फळ न धरता गच्च गुच्छासारखा होतो त्यासाठी) सुचवली जाते आणि ती मोहोर येण्यापूर्वी केली जाते. फळधारणेनंतर तेवढे प्रमाण वापरल्यास वर सांगितल्याप्रमाणे नुकसान होईल. कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, पावसाळ्यात जमिनीतून दिले जाते आणि ते मोहोर लवकर व अधिक यावा यासाठी असते. पाण्याची शाश्वती नसलेल्या बागेत ते देऊन मोहोर वाढवायचा आणि मग फळगळीची तक्रार करायची, हा प्रकार दरवर्षी पाहायला मिळतो.

गारपिटीनंतर फवारणीने उरलेली फळे टिकतील का?

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने जी गारपीट पाहिली, तसा मार बसला तर संजीवक उपयोगी पडत नाही. मार लागलेल्या कैऱ्या आठवडाभर गळत राहतात आणि त्या गळू द्याव्यात. मोडलेल्या फांद्या छाटून जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी आणि करप्यासाठी बुरशीनाशक फवारावे. पंचनामा होईपर्यंत झाडाखालील सडा उचलू नये, तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत.

सेंद्रिय प्रमाणीकरण असलेल्या बागेत एनएए चालते का?

चालत नाही. ते कृत्रिम संजीवक आहे आणि युरियाही वर्ज्य आहे. अशा बागेत पाणी, आच्छादन, वारारोधक झाडे आणि कीडनियंत्रण यांवरच भर द्यावा लागतो.

फवारणीचा खरोखर फायदा झाला, हे कसे ओळखावे?

बागेतील चार झाडे फवारणीविना सोडावीत. त्या चार झाडांवर आणि त्याच वयाच्या फवारलेल्या चार झाडांवर, चारही दिशांना मिळून प्रत्येकी दहा तुऱ्यांना रंगीत लोकर बांधावी आणि त्यांवरील कैऱ्या फवारणीच्या दिवशी मोजून वहीत लिहाव्यात. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि उतरणीपूर्वी पुन्हा मोजाव्यात. पहिल्या पंधरवड्यात फरक मोठा दिसतो आणि उतरणीपर्यंत तो बराच आटतो, असा माझ्या वहीतील अनुभव आहे. म्हणून खर्चाचा हिशेब शेवटच्या मोजणीवर करावा. फळे किती मोठी झाली हेही पाहावे, कारण व्यापारी केसरला वजनाच्या प्रतवारीने भाव देतो.

गळलेल्या कैऱ्या घरात वापराव्यात का?

फवारणीपूर्वी गळलेल्या असतील तर जरूर वापराव्यात. गोटीएवढ्या कैरीचा आमटीत आणि चटणीत चांगला उपयोग होतो. फवारणीनंतर मात्र, विशेषतः कीडनाशकाची फवारणी झाली असल्यास, लेबलवर दिलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत झाडाखालची एकही कैरी घरात आणू नये. शाळेतून येणारी पोरे तिखट-मीठ खिशात घेऊनच बागेत शिरतात. त्यांना केवळ सांगून भागत नाही, म्हणून फवारणीच्या संध्याकाळीच सडा झाडून खड्ड्यात पुरावा. फवारणाऱ्या माणसाचीही तितकीच काळजी घ्यावी. आंब्यावर फवारा वरच्या दिशेने मारावा लागतो आणि त्याचे तुषार तोंडावर येतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, ते पीकही डोक्याएवढे उंच वाढलेले होते. त्यामुळे चष्मा, मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असल्याशिवाय कोणालाही पंप पाठीला लावू देऊ नये, आणि रिकामी बाटली विहिरीच्या काठावर ठेवू नये.